चंचुमामांची निवळी

माझे व्याही चहा पिण्याआधी त्याचा वास घेतात. सरळ कपात नाक खुपसून घेतला असता तर माणूस म्हणाला असता, असेल सवय. पण तसं नाही. कप हातभर लांब धरायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं वाफ हळूच नाकाकडे ढकलायची, डोळे बारीक करायचे, आणि मग "हं" करून पहिला घोट. मुलीचं ठरवायला पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाही हेच. आमच्या हिनं मला आत बोलावून विचारलं, "यांना काय वाटतं, मी विष कालवलंय?" मी म्हटलं, "पोटची मुलगी द्यायचीय त्यांना. खात्री करून घेतायत." लग्न झालं, नात झाली, नात आठवीत गेली. आता आमच्याकडचा चहा त्यांची स्वतःची मुलगीच करते, तरी वास घेणं काही सुटत नाही.

दोष त्यांचा नाही, कामाचा आहे. ते नातीच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत सेवक आहेत. बत्तीस वर्षं झाली. तिथल्या कपाटात बारा बाटल्या अशा आहेत की सगळ्यांत पाणी दिसतं आणि एकीतही पाणी नाही. लेबलाचा कागद गळून पडतो, कुणी दुसरीवरच चिकटवतो. अशा खोलीत बत्तीस वर्षं काढून ज्याची बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत, तो माणूस संशयीच असणार. मुलं त्यांना चंचुमामा म्हणतात. चंचुपात्र, म्हणजे ते चोचीचं काचेचं भांडं, सदा त्यांच्या हातात असतं. आणि खरं सांगायचं तर नाकाची घडणही साधारण तशीच.

मला त्या खोलीचं भारी अप्रूप. माझी शाळा खेड्यातली, सातवीपर्यंत. आमचे गुरुजी फळ्यावर खडूनं चंचुपात्र काढायचे, खाली दिवा काढायचे आणि म्हणायचे, "समजा, पाणी उकळलं." आम्ही समजायचो. एकदा माझ्या शेजारी बसणाऱ्यानं विचारलं, "गुरुजी, कशावरून उकळलं?" गुरुजींनी शांतपणे खडू उचलला आणि भांड्यात चार बुडबुडे काढले. "आता?" "हो गुरुजी, आता उकळलं." त्या चार बुडबुड्यांवर मी सातवी पास झालो!

असो. गेल्या वर्षी त्या शाळेच्या हेडसरांनी ठरवलं की विज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. मुलांनी तो घरी फोनवर बघायचा, वर्गात यायचं आणि लगेच पुढचा धडा. एकूण चाळीस प्रयोग. बोलणार विज्ञानाच्या नव्या बाई. वय सव्वीस, आवाज घंटेसारखा. प्रयोग करणार चंचुमामा. फक्त त्यांचे हात दिसणार, तोंड नाही.

"तोंड का नाही?" व्याह्यांनी मला रविवारी विचारलं. चहाचा वास घेऊन झाला होता.

"तुमचं तोंड बघून मुलं घाबरतील," मी म्हटलं.

"थट्टा नको. हात कुणाचेही असू शकतात. उद्या मी नसलो तरी हात राहतातच."

तिथं माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण काम सुरू झालं होतं. नळ्या धरायच्या लोखंडी चिमट्यात बाईंनी फोन अडकवला, मागे भिंतीवरचं घड्याळ, पुढे टेबल. पहिल्या आठवड्यात पाच व्हिडिओ झाले. चुंबक, गाळणं, मेणबत्ती, असे. हेडसरांनी व्याह्यांना खोलीत बोलावून स्वतःहून चहा पाजला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना "तुम्ही" म्हणाले. व्याह्यांनी चहाचा वास घेतला तो तिथंही. हेडसर म्हणाले, "चहाच आहे हो." व्याही मला म्हणाले, "चहाच होता. म्हणून तर जास्त संशय आला."

आणि दुसऱ्या आठवड्यात सुतार आला. हातात टेप, कानावर पेन्सिल. प्रयोगशाळेच्या लांब भिंतीची मापं घेतली, पेन्सिलीनं दोन फुल्या मारल्या.

"काय लावताय?" व्याह्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? मोठा पडदा बसवायचाय म्हणाले. ही टेबलं निघतील, कपाटं निघतील, खाली गालिचा." सुतारानं टेप खटकन आत घेतली. "बाटल्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा म्हणे."

त्या रविवारी व्याह्यांनी चहा गार होऊ दिला. मी इतक्या वर्षांत हे पाहिलं नव्हतं. "चाळीस व्हिडिओ झाले की खोली गेली," ते म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिलीत. मला घंटेवर बसवतील. बत्तीस वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे हो. आणि मीच, माझ्याच हातांनी, एकेक प्रयोग करून खोली रिकामी करून देतोय."

मी शहाणा असतो तर म्हटलं असतं, हेडसरांना सरळ विचारा. पण मी म्हटलं, "मग चाळीस होऊच देऊ नका." सूनबाई आतून ओरडल्या, "आबा, माझ्या बाबांना काहीही शिकवू नका!" पण सांगून तर बसलो होतो.

सोमवारपासून व्याह्यांच्या हाताला नाना व्याधी जडल्या. काडी पेटेना. दोरा तुटला. नेमक्या क्षणी भिंगावर वाफ आली. तीन मिनिटांच्या व्हिडिओला तीन तीन दिवस लागू लागले. बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. एक दिवस म्हणाल्या, "मामा, मी याच शाळेत शिकले. तेव्हा तुम्ही एका काडीत सहा दिवे लावायचात."

"तेव्हाच्या काड्या चांगल्या होत्या, बाई."

"असं होय?" बाईंनी काड्यापेटी उचलली, एक काडी ओढली. भप्पकन पेटली. बाई त्या ज्योतीकडे बघत राहिल्या, व्याही भिंतीवरच्या फुल्यांकडे.

मग आला चुन्याच्या निवळीचा दिवस. प्रयोग सोपा आहे, मलासुद्धा समजला. चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. ती निवळी. तिच्यात नळीनं फुंकलं की आपल्या श्वासातल्या वायूनं ती दुधासारखी पांढरी होते. पुस्तकात प्रयोग इथं संपतो. पण व्याह्यांना बत्तीस वर्षांत एक गोष्ट कळलेली होती, जी आठवीच्या पुस्तकात नाही. एखादं पोर सांगूनही थांबत नाही, फुंकतच राहतं, आणि मग झालेलं दूध हळूहळू पुन्हा पाणी होतं. पांढरा झालेला चुना जास्तीच्या श्वासानं परत विरघळतो म्हणे.

व्याह्यांनी आदल्या दिवशी निवळीत थोडं जास्त पाणी घालून ठेवलं, म्हणजे काम लवकर बिघडावं. बाई फोनमागे उभ्या राहिल्या. परीक्षानळीतल्या निवळीत बुडबुडे सुटले. निवळी दुधाळ झाली. "छान, बास मामा," बाई म्हणाल्या. व्याही थांबेनात. "मामा, बास!" व्याह्यांचे गाल भोपळ्यासारखे. चार मिनिटं, सहा मिनिटं. दूध विरळ झालं, धुरकट झालं, आणि परीक्षानळीतून पलीकडचं घड्याळ स्वच्छ दिसायला लागलं. व्याह्यांनी धापा टाकत नळी खाली ठेवली. "बिघडलं, बाई. उद्या परत करू."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिमट्यातून फोन सोडवला, पर्समध्ये टाकला आणि निघून गेल्या. त्यांची पावलं हेडसरांच्या खोलीच्या दिशेनं वळलेली व्याह्यांनी दारातून पाहिली. जेवणाचा डबा त्यांनी तसाच घरी आणला.

बाईंनी तक्रार केलीच नव्हती. त्यांनी तो व्हिडिओ संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तसाच, बिघडलेला. तीन मिनिटांत बसवायला मधला भाग तेवढा कापून. आणि आवाज बंद! एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आमची नात फोन घेऊन माझ्याकडे आली. "आबा, हे बघा. फसवाफसवी आहे."

मी बघितलं. पाण्याचं दूध, दुधाचं पाणी. "वा!" मी म्हटलं.

"वा काय? व्हिडिओ मधेच कापला आणि दुसरा तुकडा जोडला. एवढं तर मीपण करते."

"अगं, ते तुझ्या आजोबांचे हात आहेत."

"हात खरे आहेत. व्हिडिओ खोटा आहे. घड्याळ बघा ना! काटा एकदम टुणकन चार मिनिटं पुढे गेला. मधे परीक्षानळी बदलली. सगळा वर्ग म्हणतोय."

"तुझे आजोबा नळी बदलतील?"

"आजोबा चहाचा वास घेतात, आबा. मी व्हिडिओचा घेतला."

मला इतकं हसू आलं की कवळी सांभाळावी लागली. पण मी व्याह्यांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी, काय होतं ते बघायला, डबा विसरलीस म्हणत, मीच शाळेत गेलो. डबा ती विसरली नव्हती. मीच तो दप्तरातून काढून ठेवला होता. हे सूनबाईंनी वाचू नये.

प्रयोगशाळेच्या दारात पोरांची ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात आपापली स्ट्रॉ, घरून आणलेली. कारण शाळेची नळी तपासल्याशिवाय वापरायची नाही, असं त्यांचं ठरलेलं. व्याही दारात आडवे, किल्ली मुठीत, तोंडचं पाणी पळालेलं.

"मामा, तुम्ही फसवलंत!"

"मामा, बाटली दाखवा!"

"ही निवळीच कशावरून?"

शेवटचा प्रश्न ऐकला आणि व्याह्यांच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते मी विसरणार नाही. बत्तीस वर्षं हा माणूस वाट बघत होता की कुणीतरी हे विचारावं. "शाबास!" ते म्हणाले. "कशावरून? लेबलावर अजिबात विश्वास ठेवू नका. या आत. रांगेत. फुंकायचं, ओढायचं नाही. ओढलंत तर आईला काय सांगू?"

तेवढ्यात हेडसर आले. बरोबर सुतार आणि दोन माणसं, टेबलं उचलायला. व्याह्यांची मूठ पुन्हा आवळली. आत बेचाळीस पोरं, बेचाळीस नळ्या, आणि उकळत्या कढईसारखा बुडबुड्यांचा आवाज.

"हे काय चाललंय?"

"सर, व्हिडिओ खोटा आहे का ते बघतोय," आमची नात नळी न सोडता म्हणाली.

"व्हिडिओ दिलाय ना? मग परत कशाला?"

"व्हिडिओत काहीही दाखवता येतं, सर."

हेडसरांनी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. "मुलांचा विश्वास बसत नाहीये, सर," त्या म्हणाल्या. "माझाही बसला नसता."

नातीची निवळी आधी नितळली. मग मागच्या बाकावरच्या दोघांची. आरडाओरडा असा की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीवर चढली. हेडसरांनी सावकाश टाय खांद्यावर टाकला. "द्या इकडे एक." फुंकलं, पांढरं झालं, दम लागला, थांबले. पोरं ओरडली, "सर, थांबायचं नाही!" सर लालबुंद. सुतार म्हणाला, "साहेब, टेबलं काढायची ना?" सरांनी नळी तोंडात ठेवूनच हातानं 'नंतर' अशी खूण केली.

टेबलं राहिली. पडदा आता सभागृहात लागलाय. पुढचे सगळे व्हिडिओ बाई शेवटाच्या जरा आधीच कापतात आणि मुलं खरंखोटं करायला खोलीत येतात. बाईंनी व्याह्यांना एवढंच म्हटलं, "मामा, तुम्ही बिघडवलंत ते मला त्याच दिवशी कळलं होतं. आता प्रत्येक प्रयोगात थोडं बिघडवत चला." व्याह्यांना तेव्हापासून बाईंचाही संशय येतो.

गेल्या रविवारी मी विचारलं, "भिंतीवरच्या त्या फुल्या पुसल्यात का?"

त्यांनी तळव्यानं चहाची वाफ नाकाकडे ढकलली. "हेडसर 'नंतर' म्हणाले होते," ते म्हणाले. "'नाही' म्हणाले नव्हते. राहू देत फुल्या." मग "हं" केलं आणि घोट घेतला.