दहा हजार फेऱ्या

"तू शाळेत नेलंस ते घड्याळ माझं, रविवार माझा. आणि तुडीलची एसटी चुकली तीही माझीच," मंजुळाचा नवरा मुरारी म्हणाला.

"शाळेतल्या घड्याळाला सेकंदकाटा नाही," मंजुळा स्टोव्हला पंप मारत म्हणाली. "तुमच्याला आहे."

"सेकंद मोजून काय लोणचं घालतेस, गो?" सासू जानकीबाईंनी विचारलं. त्या तांदूळ मोजायला बसल्या होत्या. वीस मार्चला चवदार तळ्यावर येणारे पाहुणे दरवर्षी ह्याच घरी उतरत, आणि त्या दिवशी मंजुळा पहाटेपासून चुलीपाशी असे.

अकरा वर्षं ती महाडच्या हायस्कुलात गणित शिकवत होती. शहाऐंशीत शाळेत कॉम्प्युटर आला. आता मार्चात पुण्याला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, जागा एकच. निकालाचा प्रोग्राम इतका रेंगाळतो का, हे सोमवारी जो सांगेल त्याला पाठवू, असं हेडमास्तर म्हणाले होते.

एकच काम यंत्राकडून पुन्हापुन्हा करून घ्यायचे बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत तीन मार्ग होते: फॉर-नेक्स्ट, रिपीट-अनटिल, नाहीतर गोटू लिहून मागच्या ओळीवर उडी. मंजुळाने दुपारी तिन्हींना दहा हजार फेऱ्या मारायला लावल्या. तिन्ही वेळा साडेतीन-चार मिनिटं लागली. ह्यातून सांगण्यासारखं काहीच निघत नव्हतं.

"लाभ. दोन. तीन." जानकीबाई माप ओतत आणि प्रत्येक आकडा सावकाश उच्चारत. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.

"आये, मनात मोज की. जेवायला कधी बसायचं?"

"तोंडानं बोल्लं की हात थांबतो, ठाव हाय मला. तुझा बा मनात मोजायचा नि चुकायचा. चार."

मंजुळाने स्टोव्ह बंद केला. दुपारी तिने प्रत्येक फेरीचा आकडा पडद्यावर लिहायला लावला होता. वेळ लागला तो लिहिण्याला. फिरण्याचा वेळ तिने मोजलाच नव्हता.

शाळेची किल्ली तिच्याकडेच होती; ती तशीच परत शाळेत गेली. आकडा लिहिण्याची आज्ञा तिने तिन्हीकडून काढली आणि पुन्हा घड्याळ लावलं. फॉर-नेक्स्टला नऊ सेकंद, रिपीटला अठरा, गोटूला एकतीस. निकालाचा प्रोग्राम गोटूंनी भरलेला होता, शिवाय दर फेरीला पडद्यावर नाव लिहीत होता.

सोमवारी तिने हे हेडमास्तरांना कागदावर दिलं. संध्याकाळी ताटं वाढून झाल्यावर ती बसली.

"पंधरा तारखेला मी पुण्याला जातेय. एकोणतीसला येईन. वीस तारखेचा भात तुम्ही दोघांनी लावायचा. घड्याळ मी नेतेय."