तळघरातली ह्युमिडिटी

लातूरच्या एका रुग्णालयाच्या तळघरात सर्व्हर आणि बॅटऱ्यांची खोली होती, आणि तिथलं हवामान माझ्याकडे होतं. तापमान बावीस ते चोवीस, ह्युमिडिटी साठच्या खाली. बाहेरचं हवामान देवाकडे असल्यामुळे त्याला कोणी मेमो देत नसे. मला देत.

त्या पावसाळ्यात ह्युमिडिटी सत्तरवर जाऊन बसली ती उतरेना. मी एसीचा गॅस तपासला, पाणी जाणारा पाईप साफ केला, भिंतींना हात लावून ओल शोधली. शेवटी मीटरवरच संशय घेऊन नांदेडच्या मित्राचा मीटर आणला. मी नांदेडचा असल्याने त्याच्यावर माझा जास्त विश्वास होता. त्यानेही सत्तरच दाखवलं.

मग एका दुपारी न सांगता खाली गेलो, तर दाराच्या फटीत चप्पल अडकवलेली. आत आमचा ऑपरेटर एका अनवाणी पायाने रजिस्टर भरत होता. माणूस माझ्याहून थोडा मोठा, कंत्राटावरचा, कामाला चोख. सत्तर असेल तर सत्तरच लिहायचा. म्हणजे गुन्हा करायचा आणि त्याची तासातासाला नोंदही ठेवायची.

माझं डोकं फिरलं.

"दार बंद ठेवा म्हणून एवढा बोर्ड लावलाय. वाचता येत नाही का तुम्हाला?"

"येतंय की, साहेब."

"मग?"

"दार लावल्यावर बसवत न्हाई."

बसवत नसेल तर घरी बसा, असं म्हणून मी वर गेलो आणि लेखी तक्रार दिली. तीत 'निष्काळजीपणा' हा शब्द दोनदा होता.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना वॉचमनने सहज सांगितलं की ऑपरेटर किल्लारीकडचा. भूकंपात घर अंगावर आलं तेव्हा दहा वर्षांचा होता, दुपारपर्यंत दगडांखाली होता. आई शेजारीच होती. थोडा वेळ ती त्याच्याशी बोलत होती, मग बोलायची थांबली.

मी डबा तसाच ठेवून तक्रार परत घ्यायला गेलो. मोठे साहेब म्हणाले, त्याला समज दिली आहे, पुन्हा दार उघडं दिसलं तर काम बंद. मीटरचा आकडा वरच्या मजल्यावर दिसेल अशी वायर ओढायची मी परवानगी मागितली. म्हणजे त्याला खाली बसावंच लागलं नसतं. पण परवानगी मिळायला आठवडा लागणार होता.

खाली आलो. दार घट्ट लावलेलं. आत तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि बावीस डिग्रीत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"चोपन्न हाय, साहेब," त्याने रजिस्टर पुढे केलं. महिनाभर मी हाच आकडा शोधत होतो. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

"तुम्ही वर जा, मी बसतो."

"न्हाई साहेब, ड्यूटी माझी हाय."

मग मी दुसरी खुर्ची ओढली आणि बसलो. त्याच्या मुलीची शाळा, त्याची येण्याजाण्याची बस, काहीही विचारत राहिलो. मी गप्प झालो की तो मान वळवून माझ्याकडे बघायचा, म्हणून मी गप्प बसलो नाही.

चार वाजता त्याने उठून मीटर पाहिला आणि छप्पन्न लिहिलं.

"दोघांच्या श्वासानं वाढली, साहेब."

"वाढू द्या," मी म्हटलं.