तन्वीचा डबा

गेल्या रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात परातभर भिजवलेले अवरेकाळू घेऊन बसलो होतो, मी आणि माझी लेक. अवरेकाळू म्हणजे आपले पावटेच हो. थंडीत बंगळुरातल्या आमच्या अख्ख्या बसवनगुडीत घरोघरी एकेक दाणा चिमटीत दाबून सोलतात आणि त्याची आमटी करतात. चव झकास, काम महाकिचकट.

मी किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. नवीन कादंबरीचा कच्चा खर्डा प्रकाशकाकडे जाण्याआधी लेक ऐकते. वाचत नाही, ऐकते... कारण आम्ही मूळचे निपाणीचे, घरात मराठी, पण तिची शाळा इथली, कन्नड-इंग्रजीची. देवनागरी वाचताना ती अडखळते आणि मग वैतागते. म्हणून ती दाणे सोलते आणि मी प्रकरण वाचून दाखवते, असा आमचा जुना करार आहे.

त्या दिवशीचं प्रकरण माझं लाडकं होतं. नववीतल्या तन्वीला मैत्रिणी ग्रुपमधून बाहेर काढतात. ती घरी येते, दप्तर फेकते, आईच्या कुशीत शिरते आणि रडत रडत सगळं सांगून टाकते. वाचताना मीच डोळे पुसले. आता बोला!

लेकीने मान वर न करता निकाल दिला, "फेक आहे."

मला असा राग आला म्हणून सांगू... महिनाभर खपले होते त्या पानांवर. म्हटलं, "फेक काय त्यात?"

"ती आईला काही सांगणार नाही. पोट दुखतंय म्हणेल."

"बरं. आणि शाळेत काय करेल?"

"मधल्या सुट्टीत डबा घेऊन टॉयलेटमध्ये जाईल. आतून कडी लावून खाईल. बाहेर एकटीच बसलेली सगळ्यांना दिसण्यापेक्षा बरं ना. नाही जमलं तर डबा तसाच घरी आणेल."

आणि मी काय करावं? मी वाद घातला! "छे गं, हे अतीच होतंय. टॉयलेटमध्ये कोण डबा खातं? वाचकाला पटायला नको का?" लेखन शिबिरात नवोदितांना देते ते सगळं लेक्चर मी तिला पावटे सोलता सोलता ऐकवलं.

ती म्हणाली, "खातात, आई."

माझी चिमूट तिथेच थांबली. दर सोमवारी हिचं पोट दुखतं. मी ओवा-मीठ देते आणि शाळेत पिटाळते. डबा भरलेला परत येतो आणि मी ओरडते, अन्न वाया घालवतेस म्हणून. रोज खालून हाका मारणारी तिची मैत्रीण दसऱ्यापासून फिरकलेली नाही, आणि मला वाटलं होतं, क्लासची वेळ बदलली असेल. वा रे लेखिका!

वाटलं, परात बाजूला सारून पोरीला घट्ट धरावं. त्या मुलींच्या आयांना फोन लावून एकेकीला फैलावर घ्यावं. हात फोनकडे गेलासुद्धा.

पण ती बोलत होती तन्वीबद्दल. मी एकदा जरी "तू" म्हटलं असतं तर ती उठून खोलीत गेली असती आणि दार लावून घेतलं असतं. तेवढं मी ओळखते तिला.

म्हणून पेन उचललं. "बरं, मग तन्वीच्या आईने काय करावं? सांग, लिहून घेते."

तिने पुढचा दाणा चिमटीत धरला. मग म्हणाली, "शाळेत येऊन तमाशा करू नये. कुणाच्या आईला फोन करू नये."

मी फोन हळूच उपडा ठेवला.

"डबा परत आला तर ओरडू नये. आणि शाळा सुटल्यावर न्यायला यावं. गेटपाशी नको, पुढच्या कोपऱ्यावर."

"रोज?"

"स्वल्प दिवस."

"सरी," म्हटलं, म्हणजे बरं, थोडे दिवस तर थोडे दिवस. खर्ड्यावरची अक्षरं मला धड दिसत नव्हती, पण लिहिलं सगळं.

सोमवारी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. दोन रिक्षावाले "एल्लिगे अक्का?" म्हणून विचारून गेले... कुठे जायचंय म्हणून. कुठेच नाही बाबांनो, इथेच यायचं होतं. लेक आली, आम्ही पार्कातल्या बाकावर बसलो आणि तिने डबा उघडला. चपाती-भाजी जशीच्या तशी. अर्धी तिने खाल्ली, अर्धी मी. माझ्यासारख्या बडबडीने एक प्रश्न विचारला नाही, याची नोंद घ्यावी.

ते लाडकं प्रकरण काढून टाकलंय. नवीन प्रकरणात तन्वी आईला काहीच सांगत नाही.

हे इथे लिहायची परवानगी लेकीनेच दिली. अट एक, तिचं नाव घालायचं नाही. पोरी, तू त्या सकाळी नुसतं छान आहे म्हटलं असतंस तर पुस्तक छापून आलं असतं, लोकांनी वाहवाही केली असती आणि मला काही कळलंच नसतं. तू बोललीस, फार बरं केलंस गं.

त्या सोमवारी बाकावरून उठताना डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "आई, तन्वीच्या आईला सांग, उद्या पण ये."

"सांगते," म्हटलं.