भरल्या गाडीची ट्रायल

कोकणात निघालो होतो. गाडीला अडकवायची परवडणारी बॅग मिळाली नाही म्हणून सामान सीटवर दोरीनं बांधलेलं, आणि मावळातल्या टाकव्याजवळ बाइक धूर ओकायला लागली.

तिथल्या गॅरेजवाल्यानं इंजिन खोलून रिंगा बदलल्या, हात केसांना पुसले आणि माझ्या गाडीवर स्वतःच्या ताडपत्रीच्या पिशव्या अडकवून त्यांत तांदूळ भरला.

"हे काय?" मी चिडलोच.

"रिकामं इंजिन खोटं बोलतं, भाऊ. वझं घेऊन चढलं की खरं कळतं." आणि तो वर आंदर मावळातल्या डोंगरात बहिणीकडे ट्रायलला गेलासुद्धा.

परतला तेव्हा दोन्ही पिशव्यांत फणस होते.

"एक तुमचा. गाडी तुमची व्हती ना! पिशव्यांत सामान भरा, येताना परत द्या."

गाडी घाट सहज उतरली. कोकणातल्या मावशीच्या दारात, फणसाच्या झाडाखाली, मी मावळातला फणस घेऊन उभा राहिलो.