ताऱ्यांसाठी वाजवलेलं झाकण

सांगलीहून येताना एसटीनं मंचर सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा पितळी डबा होता आणि मनात बेत: आधी ओझरचा विघ्नहर, मग भीमाशंकर, आणि जमलंच तर लेकीची दुर्बीण. सांगलीत कुणी लेकीबद्दल विचारलं, की "मुक्ता आभाळाकडं बघायचा पगार घेते," असं मीच सांगून हसायची.

नारायणगावच्या स्टँडवर मुक्ता घ्यायला आली ती घाईतच. "आई, ओझर उद्या. आज सूर्यास्तापर्यंत मला श्वास घ्यायला वेळ नाही."

द्राक्षबागा संपल्या आणि समोर तारेच्या जाळीच्या तबकड्या उभ्या राहिल्या, घरापेक्षा उंच, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. "अगं बाई!" एवढंच मला सुचलं. फाटकावर आमचे मोबाइल बंद करायला लावले; त्यांच्या लहरी या रेडिओ दुर्बिणीला चालत नाहीत.

चालता चालता तिनं सांगितलं. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे गोळे, एकेक जेमतेम पुण्याएवढा पण सूर्याहून जड, एकमेकांवर आदळले. त्यातून गॅमा किरणांचा झोत फुटला. दोन सेकंदही टिकला नाही, पण उपग्रहानं टिपला. त्याची धग रेडिओ लहरींत अजून उरलीय आणि रोज विझतेय. रेडिओ लहरी दिवसाही टिपता येतात, आणि तिच्या वाट्याला आजचीच दुपार होती.

आत पडद्यावर मात्र दर सेकंदाला एक रेघ उमटत होती. पोरीचा चेहरा पडला. "जवळच कुठंतरी ठिणगी उडतेय. तिच्या लहरी ताऱ्यांच्या लहरींत मिसळतायत." हातात छोटा अँटेना घेऊन ती बांधाबांधानं निघाली, मागोमाग मी, डब्यासकट.

ठिणगी सापडली शेजारच्या शेतात, सखूबाई नावाच्या बाईंच्या शेळ्यांच्या वाड्यापाशी. कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या मशीनची तार तुटून लोंबत होती आणि खांबाला लागून चटचटत होती. तार जोडणारा उद्या येणार होता.

"मावशी, सूर्य मावळेपर्यंत मशीन बंद ठेवाल का?"

"आन् वाघ आला म्हंजी?" (बिबट्याला इकडं वाघच म्हणतात.) "परवा दिवसाढवळ्या उसातून आला व्हता. दोन करडं नेली. मी एकली कुटंकुटं बघू?"

मुक्ताला हट्ट धरवेना. मलाच राहवलं नाही. "बंद करा. मी बसते तुमच्यासोबत."

"भ्या न्हाई वाटायचं?"

"वाटतंय की! म्हणून तर दोघी बसू."

मशीन बंद झालं. मी हळूच मुक्ताला विचारलं, "आवाज केला तर चालेल ना गं?"

"आई, तारे ऐकत नाहीत! बोंब मार, ढोल वाजव. फक्त ठिणगी नको." ती पळत परत गेली.

मग काय! डब्याचं झाकण आणि दगड. एका टोकाला मी ठणाठणा वाजवतेय, दुसऱ्या टोकाला सखूबाई "हाऽऽड, हाऽऽड" करतायत. मधूनमधून पुरणपोळी. उसात सळसळ झाली की माझा हात दुप्पट जोरानं चालायचा.

"पोरगी लई हुशार हाय तुमची. पर त्या टकरीतून आपल्याला काय मिळतं वो?"

"ती म्हणते, अशाच टकरींत सोनं तयार होतं."

सखूबाईंनी गळ्यातल्या डोरल्याला (मंगळसूत्राला) हात लावला. "मंग आवाज कमी करू नगा, ताई."

सूर्य टेकला आणि मुक्ता धावत आली. "मिळालं, आई! एकदम स्वच्छ!" सखूबाईंनी आधी मशीन चालू केलं, शेळ्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग मुक्ताच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझे डोळे भरून आले. एवढी मोठी माझी लेक, आणि मी तिची चेष्टा करत फिरले.

दुसऱ्या दिवशी ओझर झालं. भीमाशंकर राहिलं. सांगलीत डबा बघून शेजारीण म्हणाली, "झाकण ठोकून सरळ करून घ्या की, बसत नाही ते."

"राहू दे," मी म्हटलं. "लेकीच्या कामात माझाही हात आहे. त्याची खूण आहे ती."