सर्वांत छोटा प्रोग्राम

मसाट गावातल्या आमच्या कारखान्यात ललित मशीनचे प्रोग्राम सांभाळतो. धुळ्याचा आहे, बोलतो कमी, पण स्पर्धांचं भारी वेड. कमीत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहील तो जिंकला, अशी स्पर्धा घ्यायला त्याने स्वतः सॉफ्टवेअर बनवलं. चाचणीत उत्तरं बरोबर आली की ते अक्षरं मोजून नंबर लावतं.

यंदा मॅनेजर चंद्रकांत साहेबांना नसती हुक्की आली. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचाच प्रोग्राम त्यांनी स्पर्धेला ठेवला आणि जिंकलेला आज सकाळी मशीनवर चढवला. वर टाळ्या!

जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

"ललित, आत हात असला तर प्रेस थांबवायची, ती ओळ कुठंय?"

त्याने स्क्रीन खालीवर केली. "गाळलीये. माझ्या चाचण्यांत हात नव्हताच रे. सगळीकडे प्रेस रिकामीच धरली मी."

"मग बंद कर ना मशीन!"

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ललित ताट टाकून धावत सुटला.

प्रेसवर त्याची बायको कावेरी असते. अडकलेला तुकडा ती हातानेच काढते. हात आत गेला की प्रेस आपोआप थांबते, घाबरू नको, असं तिला ललितनेच शिकवलंय.