दोन बनियन

फाउंड्रीच्या धुळीने वडिलांची छाती गेली, तेव्हा मी सातवीत होते. पिंपरीतल्या विम्याच्या दवाखान्यात डॉक्टर त्यांना दर आठवड्याला तपासून आजारपणाचा दाखला देत आणि त्यावर अर्धा पगार मिळे. दवाखान्याच्या दिवशी आई त्यांना दाढी करू देत नसे. आजारी माणूस आजारी दिसला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

मग विम्याची मुदत संपली. आजार संपला नव्हता, पण कायद्याला त्याचं काय. पैसे बंद झाले आणि फिट असल्याचा दाखला आणल्याशिवाय कंपनी कामावर घेईना. आता त्याच डॉक्टरांना वडील धडधाकट दिसायला हवे होते.

आईने स्वतः त्यांची दाढी केली, गालांना खोबरेल चोळलं. सदरा अंगावर लोंबत होता, म्हणून ऐन वैशाखात आत दोन बनियन चढवले.

"खोकला आला तर गिळा," ती म्हणाली.

मीही सोबत गेले. डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितला. एकावर एक बनियन बघून ते आईकडे बघत राहिले. मग त्यांनी नळी बनियनवरूनच छातीला लावली, "घाला सदरा," म्हणाले आणि फिट लिहून दिलं. त्यांना दयाळू म्हणावं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही.

परतताना वडील घामाने निथळत होते, चार पावलं चालून थांबत होते.

"अहो, आता तरी एक काढा," आई म्हणाली.

"नको," ते म्हणाले. "वाटेत कंपनीतलं कुणी भेटलं तर."